चांगल्या घरावर सी-१ची नोटीस: एचआयव्ही आणि पेशीचा प्रोटिएसोम

परवा माटुंग्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांपुढे तासभर बोलून आले. घरी पोहोचायच्या आत एका मुलीचा मेसेज आला होता. "मॅडम, एका ठिकाणी वाचलं की प्रोटिएसोम एचआयव्हीला मारतो. दुसरीकडे लिहिलंय की एचआयव्ही प्रोटिएसोमकडून आपलीच संरक्षक प्रथिनं मारून घेतो. तिसरीकडे, टॅट नावाचं प्रथिन प्रोटिएसोमला अडवतं. यातलं खरं कुठलं? आणि एचआयव्हीची प्रोटीज इन्हिबिटर औषधं प्रोटिएसोमवरच चालतात ना?"

पहिली तिन्ही वाक्यं खरी आहेत, शेवटचं चूक आहे. पण एवढंच लिहून पाठवलं असतं तर पोरगी आणखी गोंधळली असती, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोंडी परीक्षेला निम्मी मुलं इथेच घसरतात. प्रोटीज ही विषाणूची स्वतःची कात्री. ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या एकत्र येऊन ती बनते. विषाणूच्या गॅग आणि गॅग-पोल या लांबलचक प्रथिनांचे ठरावीक जागी तुकडे पाडायचे, एवढंच तिचं काम. अटाझानाविर, दारुनाविर ही औषधं तिच्या पात्यात अडकतात. प्रोटिएसोम मात्र आपला, माणसाच्या पेशीतलं नकोशी प्रथिनं पाडणारं यंत्र; विषाणू नसतानाही तो अहोरात्र चालू असतो. नावं सारखी वाटतात कारण दोघंही प्रथिनं कापतात, याहून जास्त नातं नाही. गंमत म्हणजे रिटोनाविर हे औषध प्रोटिएसोमच्याही एका पात्याला अडवतं, असं १९९८ साली प्रयोगशाळेत दिसलं होतं आणि तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. पण आज रिटोनाविर थोड्या मात्रेत देतात ते निराळ्याच कारणासाठी: यकृतातलं एक एन्झाइम मंद करायचं, म्हणजे सोबतचं औषध रक्तात जास्त वेळ टिकतं. तो धागा इथेच सोडून दे.

आता मूळ यंत्र. प्रोटिएसोमचा गाभा म्हणजे एकावर एक रचलेली चार कडी, प्रत्येक कड्यात सात घटक. पाती आतल्या दोन कड्यांत, आतल्या बाजूला. बाहेरून कुणाचा हात चुकून लागू नये अशीच ती रचना आहे. टोकांना झाकणं असतात. १९एस नावाचं झाकण 'हे पाडायचं' अशी खूण असलेलं प्रथिन ओळखतं, त्याची घडी उलगडतं आणि धागा आत सरकवतं. ही खूण म्हणजे युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं एक छोटंसं प्रथिन. एकावर एक असे चार-पाच युबिक्विटिन ठरावीक जोडणीने लागले की त्या प्रथिनाचा निकाल लागला म्हणायचं. ही व्यवस्था शोधल्याबद्दल चिहानोव्हर, हर्शको आणि रोझ यांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वर्गात मी एक मुंबईचा दाखला देते. पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. भिंतीवर तशी नोटीस लागली आणि पुढचे सोपस्कार झाले, की एक दिवस जेसीबी येऊन उभा राहतो. जेसीबीचा ड्रायव्हर इमारत खरंच मोडकळीला आली आहे का हे बघत नाही, ते त्याचं कामच नव्हे. नोटीस बघतो आणि दांडा खाली घेतो. प्रोटिएसोम हा तो जेसीबी. नोटीस लावणारे अधिकारी म्हणजे ई-३ लायगेझ. ते माणसाच्या पेशीत सहाशेच्या आसपास आहेत आणि प्रत्येकाचा वॉर्ड ठरलेला आहे. यातले बरेचसे एकेकटे नसतात, चार-पाच जणांचं पथक असतं: मधोमध कुलिन नावाचा कणा, एका टोकाला युबिक्विटिन आणून देणारा, दुसऱ्या टोकाला 'हीच ती इमारत' असं बोट दाखवणारा.

एचआयव्हीने काय केलं, तर जेसीबीच्या वाटेला तो जवळपास गेलाच नाही. त्याने बोट दाखवणाऱ्याची जागा पटकावली. तुझ्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ एवढाच.

सगळ्यात उत्तम उदाहरण व्हिफ या एचआयव्हीच्या प्रथिनाचं, आणि ते मी सविस्तरच सांगणार, कारण या क्षेत्रातली इतकी सुंदर गुप्तहेरकथा मला दुसरी माहीत नाही. १९९०च्या दशकात एक कोडं होतं. व्हिफ काढून टाकलेला एचआयव्ही काही पेशींत मजेत वाढायचा आणि काहींत अजिबात नाही. त्याहून विचित्र म्हणजे तो विषाणू न वाढू देणाऱ्या पेशींत तयार व्हायचा, बाहेरही पडायचा, पण पुढच्या पेशीत शिरल्यावर मान टाकायचा. म्हणजे जिथे जन्मला तिथूनच काहीतरी पोटात घेऊन निघाला होता. मग १९९८ साली दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून पाहिल्या. मिश्र पेशीतही व्हिफशिवाय चालेना. यावरून कळलं की वाढू देणाऱ्या पेशींत काही मदतनीस जास्तीचा नाही, न वाढू देणाऱ्यांत एक पहारेकरी आहे. सीईएम आणि सीईएम-एसएस या जवळजवळ जुळ्या पेशीरेषांची तुलना करून २००२ साली मायकेल मॅलिम यांच्या गटाने तो पहारेकरी पकडला. आज आपण त्याला एपोबेक३जी म्हणतो.

हा पहारेकरी नव्या विषाणूत लपून बसतो. पुढच्या पेशीत विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए लिहायला घेतो, तेव्हा हा त्या कच्च्या धाग्यावरची सी ही अक्षरं खरडून यू करत सुटतो. दुसरा धागा त्यावरून लिहिला जातो, तेव्हा जीच्या जागी ए येतो. त्याला दोन सी शेजारी असलेली जागा आवडते, म्हणून विषाणूच्या संहितेत टीजीजी या शब्दाचा टीएजी होतो. टीजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन, टीएजी म्हणजे पूर्णविराम. प्रत्येक वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडले तर त्या मजकुराचं काय होईल, तेच विषाणूचं होतं.

याला व्हिफचं उत्तर असं. व्हिफ १९२ अमिनो आम्लांचं. त्याच्या एका भागात एक छोटी ओळ आहे जी आपल्या पेशीतल्या बोट दाखवणाऱ्या प्रथिनांची हुबेहूब नक्कल आहे. ती पथकातल्या इलॉन्गिन-सी या प्रथिनाला चिकटते. शेजारी जस्ताचा एक अणू धरून बसलेली घडी आहे, ती कुलिन-५ला धरते. म्हणजे पथक सगळं आपलं, बोट तेवढं विषाणूचं. दुसऱ्या हाताने व्हिफ एपोबेक३जीला धरतो, त्याच्यावर नोटीस लागते, आणि नवा विषाणू बाहेर पडायच्या आत पहारेकरी जेसीबीखाली गेलेला असतो. एपोबेक३जी काही मोडकळीला आलेलं घर नव्हे; चाळीच्या तोंडावरची धडधाकट पोलीस चौकीच ती. पथकाचा हा तपशील २००३ साली बाहेर आला आणि सगळ्यांना वाटलं, झालं, कोडं सुटलं. पण चंचुपात्रात हे भाग एकत्र करून व्हिफ नीट उभाच राहीना. कारण २०११च्या शेवटी कळलं: त्याला सीबीएफ-बीटा नावाचा आणखी एक जोडीदार लागतो. हे प्रथिन एरवी केंद्रकात रंक्स नावाच्या प्रथिनांसोबत जनुकं चालू-बंद करत असतं. युबिक्विटिनशी त्याचं काडीचं देणंघेणं नाही. विषाणूने ते टेकू म्हणून उचललं. आठ-नऊ वर्षं आम्ही सगळे त्या टेकूशिवायच घर उभारायच्या मागे होतो.

इथे जागा किती नेमकी लागते हेही बघ. माणसाच्या एपोबेक३जीत १२८व्या जागी अ‍ॅस्पार्टेट आहे. आफ्रिकन ग्रीन मंकीत तिथे लायसिन. एवढ्या एका फरकाने एचआयव्ही-१चा व्हिफ माकडाच्या एपोबेक३जीला धरू शकत नाही. उत्क्रांतीत या जागेवर किती मारामारी झाली असेल!

व्हीपीयू या विषाणूच्या दुसऱ्या प्रथिनाची चाल जराशी निराळी. त्याचं लक्ष्य सीडी४, म्हणजे विषाणू ज्या दाराने आत आला ते दारच. आत आल्यावर दार नकोसं का होतं? नव्या विषाणूंच्या अंगावर बसायचं ते आवरण-प्रथिन पेशीतच सीडी४ला मिठी मारून बसतं आणि दोघंही अडकतात. व्हीपीयू एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्याच्या, पडद्यात बसलेला असतो. त्याच्या ५२ आणि ५६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लागलं की त्याचा तो तुकडा 'मला पाडा' अशी विनंती करणाऱ्या आपल्याच प्रथिनांसारखा दिसू लागतो. बीटा-टीआरसीपी हा अधिकारी त्याला भुलून येतो, पण नोटीस लागते शेजारच्या सीडी४वर. मग पी९७ नावाचं यंत्र सीडी४ला पडद्यातून खेचून काढतं आणि प्रोटिएसोमकडे देतं. अर्ज एकाने करायचा आणि घर दुसऱ्याचं पाडून घ्यायचं, हा प्रकार मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही.

व्हीपीयूचं दुसरं लक्ष्य टेथरिन. हे २००८ साली सापडलं; बाहेर पडू पाहणाऱ्या विषाणूला ते दोरीने पेशीलाच बांधून ठेवतं. तेही प्रोटिएसोममध्ये जातं असं सुरुवातीला छापून आलं होतं. आज बहुतेकांचं मत असं की त्याची विल्हेवाट मुख्यतः लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या दुसऱ्या कचराकुंडीच्या, वाटेने लागते. नेफ हे विषाणूचं आणखी एक प्रथिन; तो तर सीडी४ला पृष्ठभागावरून ओढून थेट लायसोसोमकडेच पाठवतो, प्रोटिएसोमचा तिथे संबंध नाही. उत्तरपत्रिकेत 'व्हिफ, व्हीपीयू, व्हीपीआर, नेफ हे प्रोटिएसोम वापरतात' असं एका दमात लिहितात, त्यातला नेफ खोडून टाक.

व्हीपीआर या विषाणूच्याच प्रथिनाबद्दल मी थोडक्यात आटोपणार. तो डीसीएएफ१ या बोट दाखवणाऱ्याच्या मार्फत कुलिन-४च्या पथकात शिरतो आणि पेशीचं विभाजन जी-२ टप्प्यावर, म्हणजे पेशी दुभंगायच्या जरा आधी, अडवतो. त्याच्या बळींची यादी दर दोन-तीन वर्षांनी वाढते. यूएनजी२ त्यातलं जुनं नाव. माझं मत विचारशील तर या यादीतल्या कुठल्या बळीचा विषाणूला खरा फायदा होतो आणि कुठले नुसते वाटेत आले म्हणून चिरडले गेले, हे वेगळं काढायचं काम अजून अर्धवट आहे. त्याचा भाऊबंद व्हीपीएक्स मात्र स्पष्ट आहे. तो एचआयव्ही-२मध्ये असतो, एचआयव्ही-१मध्ये नसतो, आणि एसएएमएचडी१ला पाडतो. एसएएमएचडी१ म्हणजे मॅक्रोफेजसारख्या पेशींत डीएनएचा कच्चा माल संपवून टाकणारं प्रथिन; २०११मध्ये दोन गटांनी हे जवळजवळ एकदमच दाखवलं. एचआयव्ही-२ आपल्या मुंबईतही आढळतो, त्यामुळे हे आफ्रिकेचं प्रकरण समजून सोडून देऊ नकोस.

आता तिसरं वाक्य, टॅट या विषाणूच्या प्रथिनाचं. विषाणूने जेसीबीच्या वाटेला जवळपास न जाण्यातला जो 'जवळपास', तो इथला. टॅट गाभ्याच्या कड्यांना थेट चिकटतो, असं १९९७पासून दिसत आलं आहे. त्यापाठोपाठ आढळलं की टॅटमधला एक छोटा तुकडा आणि प्रोटिएसोमच्या ११एस या दुसऱ्या झाकणातला एक तुकडा सारखे आहेत, म्हणून दोघं एकाच जागेसाठी भांडतात. ११एस झाकण युबिक्विटिनची खूण बघत नाही. मारेकरी टी-पेशींना दाखवायचे तुकडे नीट पडावेत, यासाठी त्याची मदत होते.

यावर माझं मत सांगते, मत म्हणूनच घे. यातले बरेच प्रयोग शुद्ध केलेली प्रथिनं नळीत घालून केलेले आहेत आणि नळीत टॅट हवा तेवढा ओतता येतो. संसर्ग झालेल्या पेशीत त्याचं प्रमाण तेवढं असतं का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना दरवेळी विचारायला लावते. पण तर्काला ते पटतं. व्हिफ, व्हीपीयू, व्हीपीआर हे तिघं ज्या यंत्राच्या जिवावर जगतात, ते यंत्र टॅटने साफ बंद पाडलं तर घरातच भांडण. नोटीस बघणारं १९एस झाकण चालू आणि ११एस तेवढं अडलेलं, असं असेल तर मात्र विषाणूच्या सगळ्या मुलांचं भागतं.

राहिलं पहिलं वाक्य, प्रोटिएसोम एचआयव्हीला मारतो हे. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, पेशीत नुकताच शिरलेला विषाणू. प्रोटिएसोम रोखला की संसर्ग वाढतो, असं १९९८ साली दिसलं, म्हणजे आत येणाऱ्यांपैकी काही जण त्यात जात असणार. ऱ्हीसस माकडातलं ट्रिम५-अल्फा हे प्रथिन तर विषाणूच्या कवचावर जाळी पसरून त्याला मोडतं आणि त्यातही प्रोटिएसोमचा हात आहे. आपलं ट्रिम५-अल्फा एचआयव्ही-१पुढे फारच लेचंपेचं. दुसरी गोष्ट म्हणजे गॅगसारख्या विषाणूच्या प्रथिनांचे प्रोटिएसोममध्ये पडणारे तुकडे. त्यातले आठ ते दहा अमिनो आम्लांचे काही तुकडे एमएचसी-१ या प्रथिनावर चढून पेशीच्या दारात टांगले जातात आणि मारेकरी टी-पेशी ते वाचतात. इंटरफेरॉन-गॅमाचा इशारा आला की पेशी गाभ्यातली तीन पाती बदलून याच कामाला जास्त सोयीची पाती बसवते. विषाणू इथेही निसटायला बघतो: एखादं अमिनो आम्ल बदललं की तुकडा भलत्याच जागी पडतो आणि दारात टांगायच्या कामाचा राहत नाही.

म्हणून प्रोटिएसोम विषाणूचा मित्र की शत्रू, हा प्रश्न किती वाजता विचारतेस त्यावर उत्तर बदलतं. याचा धडा मला परळला एका जुलैत मिळाला. संसर्ग झालेल्या पेशींवर सकाळी अकराला एमजी१३२ घातलं. हे प्रोटिएसोम रोखणारं रसायन. सहा तासांनी पेशी गोळा करायच्या होत्या. दुपारी मी एका बैठकीला सायनला गेले आणि धो धो पाऊस सुरू झाला. हिंदमाताला पाणी भरलं, गाड्या बंद, मी सायनलाच अडकले. प्रयोगशाळेत पोहोचले ती दुसऱ्या दिवशी दहाला. प्लेटमधल्या पेशी सगळ्या तळ सोडून तरंगत होत्या. माझ्या हाताखालच्या मुलाने तरीही वरचं द्रव मोजलं आणि उत्साहाने सांगितलं, "मॅडम, विषाणूची निर्मिती एकदम खाली!" मेलेली पेशी विषाणू कुठून काढणार? २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात प्रोटिएसोम रोखल्यावर गॅगची कापणी आणि विषाणूचं बाहेर पडणं मंदावतं, असं दिसलंच होतं, आणि त्यामागे एक कारण पेशीतलं मोकळं युबिक्विटिन आटणं हे असावं. पण ते काही तासांत, पेशी जिवंत असताना बघायचं असतं.

मग प्रोटिएसोम रोखूनच एचआयव्हीवर इलाज का नाही करत? वर्गात तुझ्या शेजारच्या मुलाने विचारलं होतं. बोर्टेझोमिब हे प्रोटिएसोम रोखणारं औषध २००३पासून मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी वापरात आहे. त्याने हातापायांच्या नसांना मुंग्या येतात, रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. कर्करोगाला ते चालवून घेतात. पण आज आपल्या एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकच गोळी रोज एकदा मोफत मिळते आणि ती नीट घेणाऱ्या बहुतेकांच्या रक्तातला विषाणू मोजणीखाली जातो. त्या माणसाला कोण बोर्टेझोमिब देईल? त्यापेक्षा व्हिफ आणि एपोबेक३जी यांची मिठी सोडवणारं औषध करावं, ही कल्पना वीस वर्षं जुनी. रेणू सापडले, शोधनिबंध झाले, औषध म्हणून बाजारात मात्र एकही आलेलं नाही. दोन प्रथिनांच्या सपाट पृष्ठभागांमध्ये लहान रेणू घुसवणं म्हणजे गच्च भरलेल्या विरार लोकलमध्ये दादरला चढण्यासारखं.

विषाणूची युक्ती मात्र आपण उचलली, तीही एचआयव्हीच्या बाहेर. परळलाच टाटा हॉस्पिटलात मायलोमाचे किती तरी रुग्ण लेनालिडोमाइड घेतात. तो रेणू सेरेब्लॉन नावाच्या बोट दाखवणाऱ्याला चिकटतो आणि त्याचं बोट इकारोस आणि आयोलोस या प्रथिनांकडे वळवतो. सेरेब्लॉन कुठल्या पथकातला? डीडीबी१ आणि कुलिन-४. व्हीपीआर ज्या पथकात शिरतो, तेच. थॅलिडोमाइड घराण्याचं हे औषध आधी रुग्णांना दिलं जाऊ लागलं, ते असं काम करतं हे २०१४मध्ये कळलं.

आता तुझ्या प्रकल्पाचं. मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस की व्हीपीयूवर काम करणार आहेस आणि एमजी१३२ वापरणार आहेस. नुसत्या एमजी१३२वर विसंबू नकोस, ते लायसोसोममधल्या कॅथेप्सिनलाही अडवतं. एका नळीत एपॉक्सोमायसिन ठेव, ते प्रोटिएसोमपुरतं बरंच नेमकं आहे. एका नळीत लायसोसोम अडवणारं बाफिलोमायसिन, म्हणजे लायसोसोमची वाट वेगळी कळेल. एमएलएन४९२४ मिळालं तर फार चांगलं, त्याने कुलिनला चालू करणारी नेड८ ही खूण लागत नाही आणि पथकं थंड पडतात. सीडी४ त्यानेही वाचलं, तर काम कुलिनच्या पथकाचं आहे हे ठामपणे लिहिता येईल. व्हीपीयूची ती दोन सेरीन बदललेली प्रत सोबत चालव, तीच तुझी खरी तुलना. दर वेळी पेशींची जिवंत टक्केवारी मोजून वहीत लिही. आणि चार तास, सहा तास, आठ तास असे तीन वेळा नमुने घे. जुलैत करणार असशील तर सकाळी आठलाच सुरू कर.